उत्तरेच्या थंड पाण्यावर गळ टाकताना : काश्मीरच्या तळ्यांवरील मासेमारी सहलीचे नियोजन

मांडवी-जुवारीच्या काठावर किंवा खाजनातील मानशीपाशी गरी टाकून बसणाऱ्या गोमंतकीयाला भरती-ओहोटीची वेळ कुणाला विचारावी लागत नाही. पाणी केव्हा चढेल, चोणक केव्हा आत शिरेल आणि काळुंदर कोणत्या दगडाआड असेल, याची गणिते त्याच्या अंगवळणी पडलेली असतात. हाच माणूस सुट्टीत काश्मीरला जायचे ठरवतो आणि तेथील डोंगरातल्या तळ्यावर गळ टाकण्याची इच्छा मनात धरतो, तेव्हा त्याची सारी गणिते एकाएकी निरुपयोगी ठरतात. तेथे भरती नाही, खारे पाणी नाही आणि ओळखीचा एकही मासा नाही. गैरसमजुतीवर आखलेली अशी सहल बहुधा परवान्याच्या खिडकीपाशी, डोकेदुखीने भरलेल्या तंबूत किंवा रिकाम्या जाळीपाशी संपते.

गळाने मासा धरण्याचा छंद आपल्याकडे नवा नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांना घालावयाचे खाद्य आणि गळाने मासेमारी करण्याची रीत यांचे विवेचन त्यात येते. उपजीविकेसाठी होणारी मासेमारी आणि मनोविनोदासाठी होणारी मासेमारी यांतील भेद त्या शीर्षकातच दिसतो. विनोदासाठी पाण्यावर जाणाऱ्याला रिकाम्या हाताने परतणे परवडते. म्हणूनच नियम पाळण्याची त्याची जबाबदारीही अधिक असते.

तापमान हेच तेथील पंचांग

किनाऱ्यावरची मासेमारी चंद्राच्या गतीवर चालते, तर पहाडातली मासेमारी पाण्याच्या तापमानावर चालते. एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले की ऋतू, परवाना, साहित्य आणि मासा सोडण्याची रीत या सर्वांचा उलगडा होतो.

थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. समुद्रसपाटीला १० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास उतरतो. ट्राउट हा भरपूर प्राणवायू लागणारा मासा आहे. साधारण १० ते १६ अंशांच्या पाण्यात तो उत्तम खातो आणि वाढतो. पाणी २० अंशांच्या घरात गेले की त्याची दमछाक सुरू होते. अशा वेळी गळाला लागलेला ट्राउट सोडून दिला तरी तो जगेलच, असे नाही.

थंडीचा दुसरा परिणाम वाढीवर होतो. आपल्या तळ्यातला कटला किंवा रोहू वर्षभरात किलोभर भरू शकतो. बर्फाखाली सहा-सात महिने काढणाऱ्या तळ्यात मात्र माशाला खाण्यापिण्याचे दिवस मोजकेच मिळतात. तेथील वीतभर लांबीच्या ट्राउटमागे काही वर्षांची वाढ असते. तेथून पाच मासे काढणे आणि गावच्या तळ्यातून पाच मासे काढणे, या दोन गोष्टी सारख्या नाहीत.

पाणवठ्याची निवड

उत्तरेतील गोड्या पाण्याच्या जागा ढोबळमानाने तीन प्रकारच्या आहेत, आणि प्रत्येकीचा मासा व हंगाम निराळा आहे.

पहिला प्रकार पायथ्याचे जलाशय व तलाव यांचा. हिमाचलातील बियास नदीवरचा पोंग जलाशय, सतलजवरील भाक्रा धरणाचा गोविंदसागर आणि कुमाऊंमधील भीमताल, सातताल, नौकुचियाताल ही तळी यांत मोडतात. या पट्ट्यातील मानाचा मासा म्हणजे सोनेरी महाशीर. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून आहे. सह्याद्रीच्या नद्यांतील दख्खनी महाशीर हा त्याचा जवळचा भाऊबंद. लोणावळ्याजवळच्या वळवण येथे त्याचे बीज तयार करण्याचे काम अनेक दशके चालू आहे, ते अशाच घटत्या संख्येच्या चिंतेतून.

दुसरा प्रकार काश्मीर खोऱ्याच्या तळातील विस्तीर्ण सरोवरांचा : दल, मानसबल आणि वुलर. येथे असेला कुळातील स्थानिक मासे पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या ताटात होते. विसाव्या शतकाच्या मध्यास तेथे सायप्रिनस हा परदेशी मासा सोडण्यात आला. पुढे त्याने अनेक ठिकाणी स्थानिक माशांना मागे सारले. बाहेरचा एक मासा पाण्यात सोडला तर काय होते, याचे हे उदाहरण पर्यटकानेही विसरू नये.

तिसरा प्रकार उंचावरील हिमतळ्यांचा. सोनमर्ग आणि नारानाग यांच्या दरम्यानच्या कुरणांत विशनसर, कृष्णसर, गडसर, सतसर, नुंदकोल आणि गंगाबल ही तळी पसरली आहेत. त्यांतील बहुतेक साडेतीन हजार मीटर किंवा त्याहून अधिक उंचीवर आहेत. विशनसर हे किशनगंगेचे उगमस्थान मानले जाते. गंगाबलचे पाणी नुंदकोलमधून वाहत पुढे सिंध नदीला मिळते. ही सिंध म्हणजे झेलमची उपनदी. महानद सिंधूशी तिची गल्लत करू नये. ट्राउटसाठी प्रसिद्ध असलेली ही तळी प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय आहेत.

ट्राउट येथे आला कसा?

ट्राउट हिमालयाचा मूळ रहिवासी नाही. महाराजा प्रतापसिंह यांच्या राजवटीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, श्रीनगरमध्ये गालिच्यांचा कारखाना चालवणारे फ्रँक मिचेल यांनी ब्रिटनमधून तपकिरी ट्राउटची अंडी मागवली. पहिली खेप प्रवासातच नासली. १९०० मध्ये आलेली दुसरी खेप टिकली आणि तिच्यातून पुढे हारवान येथे बीजकेंद्र उभे राहिले. तेथून ट्राउट काश्मीरच्या नद्यांत गेला आणि त्याचेच बीज नंतर कुल्लूच्या खोऱ्यातही पोचले. इंद्रधनुषी ट्राउट त्यानंतरचा. आज कोकरनागसारख्या केंद्रांत आणि खासगी शेततळ्यांत प्रामुख्याने त्याचीच पैदास होते.

या इतिहासाला व्यावहारिक महत्त्व आहे. उंच तळ्यांतील ट्राउट माणसाने आणलेला आणि नियमांनी राखलेला आहे. ‘डोंगरातले पाणी म्हणजे कुणाचेच नाही’ ही समजूत म्हणूनच चुकीची ठरते. त्या पाण्यावर मत्स्य विभागाची देखरेख असते आणि विनापरवाना गळ टाकणे हा गुन्हा आहे.

कोणत्या महिन्यात जावे?

गोव्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, कारण पावसाळा हा बहुसंख्य माशांचा विणीचा काळ. महाशीरही पावसाळ्यातच जलाशयातून नद्यांकडे चढून अंडी घालतो. हिमाचलातील जलाशयांवर पावसाळ्याचे दोन महिने बंदी असते ती याचसाठी.

ट्राउटचे चक्र उलटे आहे. तपकिरी ट्राउट हिवाळ्याच्या तोंडाशी झऱ्यांतील खडीत खळगा करून अंडी घालतो. त्यामुळे ट्राउटच्या पाण्यावर बंदी येते ती थंडीत. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ती लागू असते. काश्मीरमध्ये गळाचा हंगाम साधारणतः एप्रिल ते सप्टेंबर असतो. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत ट्राउटचा बेत आखणाऱ्या गोमंतकीयाने ही गोष्ट तिकीट काढण्यापूर्वीच लक्षात घ्यावी.

हंगाम खुला असला म्हणजे तळे गाठता येतेच, असेही नाही. एप्रिल-मे महिन्यांत खोऱ्यातील नद्यांवर गळ टाकता येतो, पण वरच्या खिंडी बर्फाखाली असतात. उंच तळ्यांची वाट जुलैच्या सुमारास मोकळी होते आणि सप्टेंबरच्या मध्यानंतर पुन्हा बेभरवशाची होते. पीर पंजालच्या भिंतीमुळे काश्मीर खोऱ्यात मोसमी पाऊस तुलनेने कमी पडतो. हिमाचल आणि उत्तराखंडात मात्र जुलै-ऑगस्ट हे दरडी आणि ढगफुटीचे महिने असतात. तेथे जायचे तर मार्च ते मेअखेर किंवा पावसानंतरचा सप्टेंबर-ऑक्टोबर निवडावा.

या सर्वांचा विचार करता विशनसर-गंगाबलच्या तळ्यांसाठी ऑगस्टचा उत्तरार्ध आणि सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सर्वांत सोयीचा. तोवर वितळलेल्या बर्फाचा लोंढा ओसरलेला असतो, पाणी निवळलेले असते आणि थंडी अजून बोचरी झालेली नसते.

परवाना, बीट आणि मर्यादा

काश्मीरमधील ट्राउटच्या नद्या ‘बीट’ नावाच्या टप्प्यांत विभागलेल्या आहेत. परवाना विशिष्ट बीटसाठी, विशिष्ट दिवसासाठी आणि ठरावीक गळांसाठी मिळतो. लिद्दर, सिंध, ब्रिंगी या नद्यांवरील चांगली बीट हंगामात आधीच भरतात. काही बीटवर केवळ पिसांची कृत्रिम माशी वापरता येते, तर काही ठिकाणी स्पिनरला मुभा असते. जिवंत आमिष, जाळे, विषारी द्रव्य आणि स्फोटक यांना कुठेच परवानगी नाही.

दिवसाला एका गळामागे सहा ट्राउट ही तेथील रूढ मर्यादा. किमान लांबीची अटही असते. त्याहून लहान मासा परत सोडावा लागतो. शुल्क आणि अटी वेळोवेळी बदलतात. म्हणून प्रवासाच्या महिनाभर आधी जम्मू-काश्मीरच्या मत्स्य विभागाकडे चौकशी करून आपल्या तारखेसाठी आणि नेमक्या तळ्यासाठी परवाना घ्यावा. ‘काश्मीरचा परवाना’ असा सरसकट कागद समजून कुठेही गळ टाकू नये. वाटाड्याने ‘इकडे कुणी विचारत नाही’ असे सांगितले तरी दंड परवान्यावर नाव असलेल्याला, किंवा परवानाच नसलेल्याला होतो, वाटाड्याला नव्हे.

संरक्षित वनांचा प्रश्न वेगळा आहे. राष्ट्रीय उद्यानांच्या हद्दीत मासेमारी निषिद्ध असते. श्रीनगरनजीकचे दाचीगाम आणि हिमाचलातील तीर्थन नदीच्या वरच्या अंगाचे ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान ही त्याची उदाहरणे. नकाशावर तळे सुंदर दिसते म्हणून ते मासेमारीला खुले आहे, असा अर्थ काढू नये.

गोव्याहून काश्मीर

मोपा किंवा दाबोळीहून दिल्लीमार्गे श्रीनगर हा विमानाचा सरळ मार्ग. रेल्वेने जायचे असल्यास दिल्ली गाठून पुढे कटऱ्यापर्यंत जाता येते. जून २०२५ मध्ये चिनाब नदीवरील पुलासह कटरा-श्रीनगर रेल्वेसेवा सुरू झाल्यामुळे आता खोऱ्यातही रुळावरून उतरता येते. श्रीनगरहून सोनमर्ग सुमारे ८० किलोमीटर.

गळ, चाकू, पक्कड आणि शिशाची वजने विमानात हातातल्या सामानात ठेवू नयेत. ती चेक-इन सामानात द्यावीत. काठीसाठी कडक नळकांडे घ्यावे. स्वयंपाकाच्या गॅसची डबी कोणत्याच सामानातून नेता येत नाही, ती श्रीनगरलाच घ्यावी. श्रीनगर विमानतळावर तपासणीचे टप्पे अधिक असतात, म्हणून परतीला वेळ हाताशी ठेवून निघावे. इतर राज्यांतील प्रीपेड मोबाइल जोडणी जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, तेथे पोस्टपेड जोडणी लागते. उंच तळ्यांवर तीही बहुतांश ठिकाणी निरुपयोगी ठरते.

सुरक्षेच्या कारणास्तव या भागातील वाटा अल्प सूचनेवर बंद होऊ शकतात. निघण्याच्या आठवड्यात प्रशासनाच्या सूचना पाहाव्यात. मूळ ओळखपत्र आणि त्याच्या प्रती जवळ ठेवाव्यात, कारण वाटेवरच्या चौक्यांवर ते दाखवावे लागते.

उंचीची घाई करू नये

या सहलीतील सर्वांत मोठा धोका ना अस्वलाचा, ना दरीचा. तो आहे समुद्रकाठच्या माणसाने दोन दिवसांत साडेतीन हजार मीटर चढण्याचा. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. श्वास पुरत नाही, झोप लागत नाही आणि डोके ठणकू लागते. शरीराची धडधाकट ठेवण येथे फारशी कामी येत नाही. रोज पोहणारा तरुणही आजारी पडतो आणि साठीतला सावकाश चालणारा सुखरूप राहतो.

वैद्यकीय सल्ला असा की, तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवावा. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर आहे, तर सोनमर्ग सुमारे २,७०० मीटरवर. या दोन ठिकाणी मिळून किमान तीन रात्री काढाव्यात. हे दिवस वाया जात नाहीत. सिंध नदीवरील बीटचा परवाना आधीच काढून ठेवला तर शरीर उंचीला सरावते आणि हातही वाहत्या पाण्याला सरावतो.

डोकेदुखी, मळमळ आणि गळून गेल्यासारखे वाटणे ही पहिली लक्षणे. ती दिसल्यास वर चढू नये. तोल जाणे, बडबडणे, विश्रांतीतही धाप लागणे किंवा खोकल्यातून फेस येणे ही जिवावरची लक्षणे. अशा वेळी रात्र असली तरी रुग्णाला खाली उतरवणे हाच उपचार. हृदयविकार, दमा किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी आणि प्रतिबंधक गोळ्या घेऊ इच्छिणाऱ्यांनी गोव्यातच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

तळ्यांची वाट

सोनमर्गनजीकच्या शितकडीहून वाट सुरू होते. निचनाईची खिंड ओलांडून विशनसर येते. त्याच्या वरच्या अंगाला कृष्णसर आहे. पुढे सुमारे ४,२०० मीटरची गडसर खिंड हा या वाटेवरचा सर्वोच्च टप्पा. ती उतरल्यावर गडसर आणि सतसर, आणि मग हरमुख पर्वताच्या पायथ्याशी नुंदकोल-गंगाबल. शेवटी नारानागला तीव्र उतार. एकंदर पायपीट सत्तर किलोमीटरच्या घरात जाते आणि सहा ते सात दिवस लागतात. मासेमारीसाठी विशनसर व गंगाबल येथे एकेक दिवस जादा धरावा.

इतकी चाल झेपणार नसेल तर नारानागहून गंगाबल-नुंदकोल करून त्याच वाटेने परतावे. चढ खडा असला तरी खिंड लागत नाही आणि तीन-चार दिवसांत काम होते. तेही नको असेल तर सोनमर्ग किंवा पहलगाम येथे राहून नदीवरील बीटवर मासेमारी करावी. ट्राउट तेथेही तोच असतो.

सोबत काय न्यावे?

किनाऱ्यावर चोणकासाठी वापरली जाणारी जाड काठी आणि भक्कम तंगूस येथे उपयोगाची नाही. पाणी काचेसारखे स्वच्छ असते. जाड दोरा माशाला दिसतो.

- साडेसहा ते सात फुटांची हलकी स्पिनिंग काठी, लहान रीळ आणि दोन ते तीन किलो ताणाची तंगूस. कृत्रिम माशीचा सराव असेल तर नऊ फुटी, पाच क्रमांकाची फ्लाय काठी.
- तीन ते सात ग्रॅमचे स्पिनर. पिसांच्या माश्या गडद व फिकट अशा दोन्ही रंगांच्या, लहान आकाराच्या.
- उलटा काटा नसलेले गळ. साध्या गळाचा काटा पकडीने दाबून सपाट केला तरी चालते.
- रबरी विणीची हातजाळी, गळ सोडवण्याची पक्कड, पाण्याचा थर्मामीटर.
- परावर्तन रोखणारा गडद चष्मा. तो पाण्याखालचा मासा दाखवतो आणि भिरभिरत्या गळापासून डोळाही वाचवतो.
- लोकरीचे थर, पाऊस अडवणारा अंगरखा, कोरड्या कपड्यांचा एक जोड जलरोधक पिशवीत, आणि प्रथमोपचाराची पेटी.

निघण्यापूर्वी धनुर्वाताची लस घेतलेली असावी. बोटात रुतलेला गळ हा या छंदातला नेहमीचा अपघात, आणि दवाखाना दोन दिवसांच्या वाटेवर असतो.

तळ्यावर मासा कुठे सापडतो?

भरती नसलेल्या पाण्यात मासा अन्नाच्या वाटेवर थांबतो. झरा तळ्यात शिरतो ते मुख, तळ्यातून पाणी बाहेर पडते ती जागा, आणि उथळ पाणी एकदम खोल होते ती कड, ही ट्राउटची तीन ठाणी. चौथी जागा वारा ठरवतो. वाऱ्याने वाहत आलेले कीटक समोरच्या काठाशी जमतात आणि मासाही तेथेच येतो. वारा तोंडावर घेऊन गळ टाकणे कष्टाचे असले तरी तोच काठ बहुधा फळ देतो.

पहाटे आणि सांजवेळी ट्राउट काठाशी येतो. भर उन्हात तो खोलात जातो. काठाशी जाताना सावली पाण्यावर पडू देऊ नये, आणि दगडांवर पाय आपटू नयेत. पहिला गळ दूर न टाकता काठाजवळच टाकावा, कारण पुष्कळदा मासा आपल्या पायाशीच असतो आणि आपणच त्याला पळवून लावतो.

वितळत्या बर्फाची एक लय असते. सकाळी झरे रोडावलेले व नितळ असतात. दुपारनंतर ऊन तापले की तेच झरे फुगतात आणि गढूळतात. गढूळ मुखापाशी गळ टाकण्यात अर्थ नसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सकाळी घोटाभर असलेला ओढा परतताना कंबरेएवढा झालेला असू शकतो. ओढे सकाळीच ओलांडावेत आणि परतीची वाट त्या हिशेबाने ठरवावी. येथे हेच भरतीचे वेळापत्रक.

थंड पाणी पोहणाऱ्यालाही सोडत नाही

मांडवीत पोहून मोठा झालेल्या माणसाला तळ्याची भीती वाटत नाही, आणि धोका नेमका तेथेच आहे. बर्फाळ पाण्यात पडताच श्वास आपोआप धापेने आत ओढला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पोहता येणे कामास येत नाही. पहिल्या मिनिटात धडपड न करता श्वास सावरावा. त्यानंतर हातपाय उपयोगी पडण्याची मुदत दहा मिनिटांच्या आसपास असते. म्हणून गुडघ्यापलीकडे पाण्यात उतरू नये, एकट्याने काठ धरू नये आणि अडकलेला स्पिनर सोडवण्यासाठी तळ्यात शिरू नये. स्पिनर काही रुपयांचा असतो.

सोनमर्गच्या परिसरात तपकिरी अस्वलांचा वावर आहे. माशाची आतडी व डोकी तंबूजवळ टाकणे म्हणजे त्यांना आमंत्रण. मासे साफ करण्याची जागा तंबूपासून आणि पिण्याच्या पाण्यापासून दूर असावी. उन्हाळ्यात याच कुरणांत गुज्जर-बकरवाल कुटुंबे आपली जनावरे घेऊन राहतात आणि त्याच झऱ्यांचे पाणी पितात.

ठेवावा की सोडावा?

नियमाने सहा मासे ठेवता येतात, म्हणून सहा ठेवलेच पाहिजेत असे नाही. संध्याकाळच्या जेवणापुरते एक-दोन ठेवून बाकीचे सोडणे हे त्या पाण्याच्या प्रकृतीला धरून होईल. सोडायचा मासा लवकर काठाशी आणावा, हात ओले करून धरावा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचे बुळबुळीत संरक्षक आवरण निघते. कल्ल्यांत बोटे घालू नयेत. छायाचित्रासाठी पाण्याबाहेर काही क्षणांपेक्षा अधिक ठेवू नये. मग डोके प्रवाहाकडे करून तो स्वतः सुटून जाईपर्यंत आधार द्यावा. मोठा मासा तर आवर्जून सोडावा, कारण सर्वाधिक अंडी घालणारी मादी मोठीच असते. ठेवायचा मासा मात्र तडफडत ठेवू नये. डोक्यावर एक नेमका घाव घालून तत्काळ मारावा.

महाशीर कुठेही गळाला लागला तर तो ठेवण्याचा विचारही करू नये.

एका तळ्यावरून दुसऱ्यावर जाताना जाळी, बूट आणि गळ धुऊन वाळवावेत. शेवाळ, जंतू आणि कीटक ओल्या साहित्यावरून प्रवास करतात. खोऱ्यातील सरोवरांत एका परक्या माशाने केलेला बदल वर सांगितलाच आहे.

देवाचे मासे

महाडजवळच्या वाळण कोंडीतील महाशीर देवीचे मासे म्हणून राखले जातात आणि त्यांना कुणी गळ लावत नाही. उत्तरेतही अशी पाणी आहेत. काश्मीरमधील मट्टन येथील मार्तंड तीर्थाच्या कुंडातले, हिमाचलातील रिवालसरच्या सरोवरातले आणि जोगिंदरनगरजवळच्या मच्छियालमधले मासे भाविक श्रद्धेने जपतात. गंगाबल हे तर काश्मिरी पंडितांचे तीर्थ. अस्थिविसर्जनासाठी ते तेथे येतात. यात्रेच्या दिवशी तेथे गळ टाकू नये आणि एरवीही विसर्जनाच्या जागेपासून दूर राहावे. परवाना हातात असला तरी हा संकेत पाळावा.

नियोजनाचा गोषवारा

- तीन महिने आधी : तळे आणि मार्ग ठरवणे, वैद्यकीय तपासणी, रोजचे चालणे सुरू करणे, तिकिटे काढणे.
- एक महिना आधी : मत्स्य विभागाकडून परवाना व अटींची खात्री, नोंदणीकृत वाटाड्या आणि घोडेवाला ठरवणे, हलक्या काठीचा सराव.
- एक आठवडा आधी : हवामान, रस्ते आणि प्रशासनाच्या सूचना. घरी मार्गाची आणि परतीच्या तारखेची लेखी नोंद ठेवणे.
- खोऱ्यात पोचल्यावर : किमान तीन रात्री उंचीशी जुळवून घेणे, नदीवरील बीटवर हात बसवणे.
- तळ्यावर : पहाट व सांज मासेमारी, दुपार विश्रांती, ओढे सकाळीच ओलांडणे, कचरा परत आणणे.
- राखीव : दोन दिवस कोणत्याही बेताविना मोकळे. हवामान बिघडले तर हेच दोन दिवस घाई टाळतात, आणि पहाडातले बहुतेक अपघात घाईतून होतात.

एवढी तयारी करूनही मासा लागेलच, याची हमी कुणी देत नाही. विशनसरच्या काठी दोन दिवस बसून रिकामे परतणारे कमी नाहीत. पण ज्याने पाण्याचे तापमान मोजले, परवान्यावरील अट वाचली आणि चढाची घाई केली नाही, तो सुखरूप घरी परततो. त्याने सोडलेला मासा पुढच्या हिवाळ्यात झऱ्याच्या खडीत अंडी घालतो, आणि पुढल्या वर्षी येणाऱ्यासाठी तळे भरलेले राहते. बंदीचे दोन महिने नाव काठाला बांधून ठेवणाऱ्या गोमंतकाला हा हिशेब नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.